मांड कुणाचा, नाव कुणाचे

गेल्या उन्हाळ्यात एम.ए.च्या मौखिकीला बसलो होतो. धालोगीतांवरचा, म्हणजे गोव्यातल्या बायका पौषात मांडावर, गावातल्या ठरलेल्या अंगणात, खेळताना गातात त्या गीतांवरचा एक प्रबंध समोर आला. मुलगी सत्तरी तालुक्यातली. लेखन नेटके, गीतांची निवड चांगली, शब्दार्थही मन लावून दिलेले. तळटिपा वाचू लागलो तेव्हा मात्र थांबलो. जवळजवळ प्रत्येक गीताखाली यूट्यूबचा एक लांबलचक दुवा होता आणि दुसरे काही नाही.

"बाय, तुमच्या गावात धालो होत नाहीत?" मी विचारले.

"होतात ना, सर. घरासमोरच मांड आहे. आजी अजून खेळते."

"मग ही गीते तिच्याकडून का नाही घेतलीस?"

ती जरा घुटमळली. "बरीचशी तिच्याकडूनच घेतलीत, सर. पण तळटिपेत आजीचे नाव कसे घालणार? म्हणून तीच गीते यूट्यूबवर शोधली आणि दुवा दिला."

बाहेरून आलेले परीक्षक माझ्याहून ज्येष्ठ. त्यांनी एव्हाना त्यातला एक दुवा मोबाइलवर उघडून पाहिला होता. 'व्हिडिओ उपलब्ध नाही' अशी काळी पाटी आली. त्यांनी मोबाइल आमच्याकडे वळवला आणि म्हणाले, "यूट्यूब, फेसबुक संदर्भ म्हणून घ्यायचेच नाहीत असा नियम करून टाका. प्रश्नच मिटेल." दोघा-तिघांनी माना हलवल्या. चहा आला, पुढचा विद्यार्थी आला.

माझ्या डोक्यातून काही ते गेले नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा असे म्हणून हसता आले असते, पण हा वळसा मुलीने आपण होऊन घेतला नव्हता, आम्ही घ्यायला लावला होता. संदर्भ म्हणजे छापील काहीतरी, नाहीतर निदान निळ्या अक्षरांत अधोरेखित झालेले काहीतरी, ही समजूत आमच्याच वर्गांतून तिच्याकडे गेली. स्वतःच्या आजीचा आवाज पुरावा ठरत नाही. तेच गीत एखाद्या अनोळखी बाईने गायले आणि तिसऱ्याच कुणी ते आपल्या चॅनेलवर चढवले की ठरते. शहाण्यासुरत्या मुलीला असे वाटावे, इतपत आम्ही तिला शिकवून ठेवले आहे.

समाजमाध्यमांवरचे लेखन आणि व्हिडिओ अभ्यासात घ्यावेत की नाही, याबाबत आमच्या क्षेत्रात दोन पंथ आहेत. एक म्हणतो, बंदी घाला. दुसरा म्हणतो, काळ बदलला, दुवा द्या आणि पुढे चला. भांडतात एकमेकांशी, पण दोघांचा मूळ ग्रह एकच आहे. मोबाइलवर पाहिले-ऐकले ते एक प्रकारचे वाचन, असे दोघेही धरून चालतात. एकाला ते हलक्या प्रतीचे पुस्तक वाटते, दुसऱ्याला चालण्याजोगे. मला ते वाचन वाटतच नाही. एखाद्या मोर्चाचे चित्रण पाहणारा विद्यार्थी ग्रंथालयात बसलेला नसतो. तो त्या गावात गेलेला असतो, फक्त चालत गेलेला नसतो. ते क्षेत्रकार्य आहे. तेव्हा क्षेत्रकार्याला आपण जे विचारतो ते सगळे त्यालाही विचारायला हवे. बोलणारा कोण, कुठला, कधी बोलला, कुणापुढे बोलला, त्याला विचारले होते का, आणि ध्वनिमुद्रण आता कुठे आहे.

बंदीवाल्यांना मला आधी एवढेच विचारायचे आहे की २०२० नंतरच्या गोव्यावर प्रबंध लिहायचा तर त्यात ते घालणार काय? मोलेच्या जंगलातून जाणारे रेल्वेचे दुपदरीकरण, महामार्गाचे चौपदरीकरण आणि वीजवाहिनी या तीन प्रकल्पांविरुद्धची चळवळ ऐन कोविडच्या काळात उभी राहिली. माणसे जमवायची सोय नव्हती. ती वाढली इन्स्टाग्रामवरच्या चित्रांतून, पोस्टरांतून, घरी बसून केलेल्या व्हिडिओंतून. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदरला लोक रुळांवर येऊन बसले, तेव्हा हातात मेणबत्ती होती तसा मोबाइलही होता. पुढे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक-कुळे दुपदरीकरणाला मिळालेली मंजुरी रद्द केली. निकालपत्र उपलब्ध आहे, कुणीही उद्धृत करावे. पण चित्रे काढणारी पोरे आणि रात्र जागवणारे सासष्टी तालुक्यातले लोक एका चळवळीत कसे आले, हे निकालपत्रात मिळणार नाही.

सत्तरीतल्याच शेळ-मेळावली गावचे तेच. जानेवारी २०२१ मध्ये आयआयटीच्या जागेवरून गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले. ६ तारखेला झटापट झाली आणि १५ तारखेला मुख्यमंत्र्यांनी प्रकल्प तिथून हलवत असल्याचे जाहीर केले. वर्तमानपत्रांत बातम्या आहेत, फोटो आहेत. बायका पोलिसांना नेमके काय म्हणत होत्या, देवाचे नाव घेत होत्या की कायद्याचे, काजूच्या झाडांबद्दल बोलत होत्या की पोरांच्या नोकऱ्यांबद्दल, हे ज्याला अभ्यासायचे आहे त्याला मोबाइलवरच्या चित्रणाकडेच जावे लागेल.

आणि ग्रामसभा! रविवारी सकाळी भरते, दुपारचे जेवण थंड होईपर्यंत चालते. सचिवाच्या वहीत त्या सगळ्याची नोंद 'चर्चेअंती ठराव मंजूर' इतकीच. कुणी उठून नकाशा मागितला, सरपंच कुठल्या प्रश्नाला गप्प बसले, मराठीतून मुद्देसूद बोलणारा गृहस्थ आवाज चढल्याबरोबर कोकणीवर कसा घसरला, हे वहीत येत नाही. मागच्या बाकावरच्या पोराने फेसबुकवर थेट दाखवलेल्या चित्रणात ते आहे. भाषेच्या अभ्यासकाला तर याहून मोठे घबाड नाही. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही यावरचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आणि कोकणीला राजभाषा ठरवणारा १९८७ चा कायदा यांवर आपण गोमंतकीयांनी रिमांच्या रिमा कागद काळे केले. त्या काळच्या चौकसभांत माणसे प्रत्यक्ष कोणत्या भाषेत भांडत होती, याचे अर्ध्या तासाचे ध्वनिमुद्रण आज मिळाले तर त्यापुढे माझ्या कपाटातली कितीतरी पुस्तके मी बाजूला ठेवीन. (कुठली, ते सांगत नाही. लेखक ओळखीचे आहेत.)

अर्थात वही खोटी आणि व्हिडिओ खरा, असे नाही. व्हिडिओ काढणाऱ्यालाही बाजू असते, तो आपल्या माणसाचे भाषण टिपतो आणि दुसऱ्याचे सुरू झाले की हात खाली घेतो. दोन्ही साक्षीदारच आहेत आणि उलटतपासणी दोघांचीही व्हायला हवी.

आता दुसरा पंथ. 'दुवा दिला ना, झाले' म्हणणारा. याच्याशी माझे भांडण अधिक मोठे आहे, कारण तो जिंकत चालला आहे.

संदर्भ देण्याच्या ज्या पद्धती आपण वापरतो, त्यांनी या नव्या साधनांची दखल घेतलेली आहे. एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पद्धतीची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आली. तिच्यानुसार पोस्टला शीर्षक नसते म्हणून तिचे पहिले वीस शब्द शीर्षकाच्या जागी द्यायचे, सोबत खात्याचे नाव, तारीख, माध्यम आणि दुवा. व्हिडिओतले वाक्य घेतले तर पृष्ठांकाऐवजी मिनिट आणि सेकंद नोंदवायचे. हे शेवटचे फार चांगले आहे. आमच्याकडे अजून चाळीस मिनिटांच्या व्हिडिओचा नुसता दुवा देतात आणि वाचकाने गवताच्या गंजीत सुई शोधावी अशी अपेक्षा ठेवतात. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप वाचकाला पुन्हा मिळू शकत नाही, म्हणून त्याला या पद्धतीत खाजगी संवाद धरतात. मजकुरात उल्लेख करायचा, सूचीत घ्यायचा नाही.

इथवर ठीक. पण व्हिडिओच्या नोंदीत लेखकाच्या जागी कोण येतो? ज्याने तो चढवला तो. त्यामागचे कारण व्यवहाराचे आहे, त्या नावावरून वाचकाला व्हिडिओ सापडतो. प्रत्यक्ष बोलणाऱ्याचे वा गाणाऱ्याचे नाव हवे तर तुमच्या मजकुरात घाला, अशी मुभाही आहे. मुभेचे आपल्याकडे काय होते ते मी सांगायला नको.

पौषातल्या चांदण्या रात्री मांडावर बायका समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहतात. गीत या रांगेतून उठते, त्या रांगेत जाते, झेलले जाते. ज्या गातात त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी शाळेचे तोंड पाहिलेले नसते, पण पन्नास-साठ गीते पाठ असतात. शहरातून कुणी हौशी तरुण येतो, ते टिपतो, कोपऱ्यात आपल्या चॅनेलची मुद्रा उमटवतो. त्याला दोष देत नाही, त्याने निदान टिपले तरी. पण मग प्रबंधाच्या सूचीत लेखक म्हणून त्याच्या चॅनेलचे नाव येते, वर्ष येते, आणि गाणाऱ्या बायकांचा कुठे मागमूस राहत नाही. दहा वर्षांनी दुसरा अभ्यासक या सूचीवरून पुढे लिहील. तेव्हा ते गीत कुठल्या वाड्यावरचे, कुठल्या समाजातले, हेही गळून पडलेले असेल.

याच एपीएच्या आवृत्तीत आदिवासी समूहांच्या मौखिक परंपरेची नोंद कशी घ्यावी यासाठी वेगळा भाग आहे. सांगणाऱ्याचे नाव, त्याचा समाज, त्याचे ठिकाण, सांगितल्याची तारीख हे सगळे मजकुरातच द्यावे, असे तो म्हणतो. म्हणजे तुम्ही आजीच्या शेजारी बसून ऐकलेत तर तळटिपेत आजी येते, तिचे गाव येते. तेच कुणी चित्रित करून जालावर टाकले की नोंद नेहमीच्या व्हिडिओसारखी होते आणि मानाची जागा टाकणाऱ्याकडे जाते. आमच्या विद्यार्थिनीपुढे हे दोन्ही रस्ते होते. आजीचे नाव येणारा तिने सोडला, कारण दुसरा तिला अधिक शास्त्रीय वाटला.

त्यात आणखी एक घोळ आहे. जालावर सापडणारे पुष्कळसे धालो मांडावरचे नसतातच. ते पणजीच्या लोकोत्सवातले नाहीतर कुठल्या स्पर्धेतले असतात. सगळ्यांच्या एकसारख्या साड्या, पुढे माइक, दहा मिनिटांत आटपायचे म्हणून मधली कडवी गाळलेली, आणि एकमेकींकडे तोंड करून उभ्या राहायच्या त्या रांगा प्रेक्षकांकडे वळलेल्या. रंगमंचावर आल्यावर लोककलेचे काय होते, हा स्वतंत्र आणि झकास विषय आहे. पण 'धालोतील विधी' या प्रकरणात पुरावा म्हणून असे दुवे आले की अभ्यासाचा पायाच ढासळतो. मांडावर एकदा तरी गेलेल्या माणसाला हे पहिल्या अर्ध्या मिनिटात कळते. दुवा उतरवून घेणाऱ्याला कळत नाही, आणि दुवा तपासणाऱ्या आमच्यासारख्यालाही बहुधा नाही.

दुवे नाहीसे होतात हे आता सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्यावर फार बोलत नाही. हार्वर्डच्या कायदाविषयक नियतकालिकांतले दुवे दहाएक वर्षांपूर्वी तपासले गेले, तेव्हा ७० टक्क्यांहून अधिक दुवे मूळ मजकुरापर्यंत नेत नव्हते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतल्या दुव्यांतही निम्म्यांची तीच गत. प्यू या संशोधनसंस्थेने २०२४ मध्ये दाखवून दिले की २०१३ साली जालावर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांत नाहीशी झाली. ही साधी पाने. इन्स्टाग्रामची स्टोरी तर चोवीस तासांचीच. सरकारने २९ जून २०२० ला ५९ अ‍ॅप बंद केली, त्यात टिकटॉक गेले, आणि त्यावरचा दुवा ज्या ज्या लेखात आहे तो इथल्या वाचकापुरता त्या रात्रीच आंधळा झाला.

याहून फसवी गोष्ट म्हणजे दुवा जिवंत असतो आणि आतला ऐवज बदललेला असतो. यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओचा तुकडा मालकाला नंतरही कापून टाकता येतो, दुवा तोच राहतो. तुम्ही बारा मिनिटे चाळीस सेकंद लिहिलेत, आणि आता त्या जागी जाहिरातीनंतरची नमस्कार-चमत्कार चालू आहे. फेसबुकची पोस्ट तर केव्हाही दुरुस्त होते.

इथे मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. जत्रेतल्या मराठी नाटकांवर लिहिलेल्या एका लेखात मी एका मित्राची फेसबुक पोस्ट उद्धृत केली होती. एका नाटकमंडळीच्या स्थापनेचे साल त्यात होते. दोनेक वर्षांनी त्याचा फोन आला, जरा नाराजीचाच. साल चुकल्याचे त्याला दुसऱ्याच दिवशी कुणीतरी दाखवून दिले होते आणि त्याने ते लगेच सुधारले होते. मी मात्र पहिल्या दिवशी उतरवून घेतले ते परत पाहिलेच नाही. त्याची पोस्ट बरोबर आहे, माझा लेख चूक आहे, आणि चुकीखाली नाव त्याचे आहे. पाहिल्याची तारीख लिहिली असती, त्या दिवसाचे पडद्यावरचे चित्र जपले असते, किंवा नुसता फोन केला असता तरी हे टळले असते. मित्र पर्वरीला राहतो, मी फोंड्याला. अंतर ते काय!

छापील तेवढे टिकते असे म्हणणाऱ्यांना आपल्याच इतिहासातली एक गोष्ट सांगतो. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले, मग १६४९ मध्ये, मग १६५४ मध्ये. या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकाचीही छापील प्रत आज कुठे मिळत नाही. तो ग्रंथ आपल्या हाती राहिला तो लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. म्हणजे आपल्याकडे मजकूर राखला तो नक्कल करून घेणाऱ्यांनी. आजच्या विद्यार्थ्याकडून मला तेच हवे आहे. पाहिलेस ना? मग उतरवून घे. व्हिडिओची प्रत, गीताचा पूर्ण पाठ, तारीख.

जालावर यासाठी सोयी नाहीत असे नाही. इंटरनेट अर्काइव्हचे वेबॅक मशीन २००१ पासून लोकांसाठी खुले आहे, पान जपायला सांगितले की जपते. पण लॉग-इनच्या कुंपणाआडच्या फेसबुक-इन्स्टाग्रामपाशी त्याची मात्रा फारशी चालत नाही, आणि व्हिडिओ तर क्वचितच हाती लागतात. तेव्हा शेवटी आपली नक्कल आपणच ठेवायची.

न्यायालयांना हे आपल्या आधी कळले. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरले होते का, असा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या चित्रणाचा. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या त्या खटल्यात जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूळ उपकरणच हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्यही लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली एक लांबलचक खूण. व्हिडिओतला एक क्षण जरी कापला तरी ती बदलते. कुठल्याही संगणकावर मिनिटभरात निघते.

विद्यार्थ्याने वकिलासारखे प्रमाणपत्र घेऊन यावे, असे माझे म्हणणे नाही. पण दोन गुंठ्यांच्या वादात जेवढी काळजी घेतली जाते, तिच्या पासंगाला तरी आपण पुरावे की नाही? आमचा सगळा भर भलतीकडेच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी उचलेगिरीच्या पायऱ्या आखून दिल्या. १० टक्क्यांपर्यंत साम्य चालते, पुढे शिक्षा चढत जाते. तेव्हापासून प्रत्येक मार्गदर्शक त्या टक्क्यांच्या आकड्याकडे डोळे लावून बसलेला. ते यंत्र शब्दांची जुळणी तपासते. तळटिपेतला व्हिडिओ अस्तित्वात आहे का, त्यात ते वाक्य खरेच आहे का, बोलणारा माणूस आहे की संगणकाने बनवलेला आवाज, हे ते पाहत नाही. पाहायचे माणसाने, आणि माणूस टक्के पाहून सही करतो. मीही केलेली आहे.

आतापर्यंत मी नावे द्या, नावे द्या असा धोशा लावला. आता थोडे उलट बोलतो. मेळावलीत आंदोलकांवर गुन्हे नोंद झाले होते. अशा प्रकरणातल्या व्हिडिओत चौथ्या मिनिटाला तावातावाने बोलणाऱ्या बाईचे नाव, गाव, मिनिट-सेकंदासह प्रबंधात छापले आणि तो प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या जालावरील संग्रहात, कायमचा चढला, तर आपण अभ्यास केला की कुणाचे तरी काम सोपे करून दिले? तिने तो व्हिडिओ जगाला दाखवण्यासाठी केला, हे खरे. पण रागाच्या भरात चार दिवस फिरणारा व्हिडिओ आणि वीस वर्षांनीही नावासकट सापडणारी तळटीप, यांत फरक आहे. नाव गाळून नुसते तिचे शब्द जसेच्या तसे दिले तरी ते शोधयंत्रात टाकल्यावर कधीकधी तिच्या खात्यापर्यंत पोचता येते. अशा जागी सार सांगावे, चेहरा झाकावा, प्रत परीक्षकांपुरती ठेवावी. धालो गाणारीचे नाव यायला हवे आणि मोर्चात ओरडणारीचे कदाचित नको. दुवा कसा लिहावा याचा कुठलाही नियम हे ठरवून देत नाही. ज्याने कधी कुणाच्या ओसरीवर बसून मुलाखत घेतली आहे त्याला ते ठरवता येते, म्हणून मी क्षेत्रकार्याचा हट्ट धरतो.

परवानगीचेही तेच. सार्वजनिक पोस्ट आहे, मग विचारायचे कशाला, असे मुले म्हणतात. कायद्याच्या काट्यावर ती कदाचित बरोबर असतील. पण मांडाचे स्वतःचे नियम असतात. कुठले गीत कोणत्या रात्रीचे, कुणापुढे म्हणायचे, कुणापुढे नाही, हे त्या बायका ठरवतात. टिपणाऱ्याने ते पाळले होते का, हे निदान विचारून घ्यावे. फार तर एक फोन आणि एक खेप. सांगे-केप्याच्या मुलाला पेडण्यापर्यंत जायला दोन-तीन बस बदलाव्या लागतात आणि परतीची शेवटची चुकली तर रात्र काढायची पंचाईत, हे मला माहीत आहे. यूट्यूबमुळे त्याची ती खेप वाचते, याचा मला आनंदच आहे. पण फोन तर त्याच्या हातातच असतो.

प्रती ठेवायच्या कुठे? यूट्यूबच्या अटींना व्हिडिओ उतरवून घेणे मान्य नाही, आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात संशोधनासाठी न्याय्य वापराची वाट आहे, आणि या दोहोंच्या मध्ये अभ्यासक अवघडून उभा आहे. वाट मला एकच दिसते. प्रती जाहीर करू नयेत, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बंद ठेवाव्यात आणि तपासायला कुणी आला तर दाखवाव्यात. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा जन्म आपण अभिमानाने १८३२ चा सांगतो, पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पर्यंत नेतो. ज्या भूमीने पोर्तुगीजांचे कागद चार शतके वाळवीपासून राखले, तिला ग्रामसभांची आणि मांडांची चित्रणे ठेवायला एक कपाट मिळू नये? सरकार करील तेव्हा करील. तोवर प्रत्येक विभागाने एक हार्ड डिस्क घ्यावी आणि एक वही घालावी. दोन प्राध्यापकांच्या एका महिन्याच्या चहापाण्यात बसेल.

त्या मुलीला आम्ही तळटिपा सुधारायला पंधरा दिवस दिले. बंदीचा नियम त्या दिवशी झाला नाही, पुढच्या बैठकीत येईल असे ऐकतो. ती गावी गेली, आजीला समोर बसवून सगळी गीते नव्याने ध्वनिमुद्रित केली, आणि परत आली ती वेगळीच अडचण घेऊन. "तुझे नाव पुस्तकात घालते" असे सांगितल्यावर आजी म्हणाली होती, "म्हजें नांव कित्याक? गीत म्हजे मांयचें." मांय म्हणजे सासू. गीत आजीच्या सासूकडून आलेले. सासू पेडण्याकडची, लग्न होऊन सत्तरीत आली तेव्हा गीते सोबत घेऊन आली. म्हणजे प्रबंधाच्या ज्या प्रकरणात ही गीते सत्तरीची म्हणून मांडली होती, सत्तरीच्या जंगलाशी त्यांतल्या शब्दांचे नाते जोडले होते, त्याच्या मुळालाच धक्का बसला. यूट्यूबच्या दुव्याखाली हे कधी निघाले नसते.

आम्ही मिळून तळटीप लिहायला घेतली. गाणारीचे नाव, वय, गाव. ध्वनिमुद्रणाची तारीख. कुणाकडून शिकली, सासूकडून. सासूचे लग्नानंतरचे नाव घरात सगळ्यांना ठाऊक होते. माहेरचे नाव आणि पेडण्यातला नेमका गाव कुणालाच आठवेना.

"तिथे जागा कोरी सोडू का, सर?"

सोड, म्हटले. येत्या पौषात पेडण्याला जाणार आहे म्हणते.